स्फिंक्सचे नाक : एका चौकटीतल्या वाक्याची पडताळणी

पार्श्वभूमी

दहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी प्राचीन वास्तूंवर एक सचित्र पुस्तिका तयार होत होती. गिझाच्या स्फिंक्सला त्यात दोन पाने होती. सुमारे ७३ मीटर लांब, २० मीटर उंच, जागेवरच्याच चुनखडीत कोरलेली ही मूर्ती बहुतेक अभ्यासक खाफ्रे या राजाच्या काळातली, म्हणजे इ.स.पू. २५०० च्या आसपासची मानतात. मुख्य मजकुराबद्दल कुणाचा आक्षेप नव्हता. उजव्या कोपऱ्यात 'माहीत आहे का?' अशी चौकट होती आणि तिच्यात एकच वाक्य होते : 'स्फिंक्सचे नाक नेपोलियनच्या सैनिकांनी तोफेचा गोळा मारून उडवले.'

संपादकांनी समासात पेन्सिलीने लिहिले, 'आधार?' पाने छपाईला जायला दहा दिवस होते. चार जणांचा या वाक्याशी संबंध आला : मजकूर लिहिणारी लेखिका, संपादक, पडताळणी करणारा सहायक आणि चित्रकार. पुढे पाचवे माणूस आले, मध्ययुगीन अरबी वाचू शकणारे एक अभ्यासक. ते थोडे आधी आले असते तर एक फेरी वाचली असती.

अडचण

चौकटीतला मजकूर सहसा सगळ्यात शेवटी, आठवणीतून आणि पटकन लिहिला जातो, आणि वाचकाच्या लक्षात मात्र तोच राहतो. लेखिकेने ही गोष्ट शाळेपासून ऐकलेली होती. तिला ती शंका घेण्यासारखी वाटलीच नाही.

सहायकाने पहिल्या दिवशी केले ते बहुतेक जण करतात. हेच विधान आणखी कुठे छापले आहे ते त्याने शोधले. नऊ ठिकाणी सापडले. 'नऊ आधार' असा शेरा मारून त्याने कागद पुढे सरकवला. संपादकांनी तो परत केला आणि एकच काम सांगितले : या नऊ जणांनी आपली माहिती कुठून घेतली, ते प्रत्येकापुढे लिहा.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी यादी अशी दिसत होती. पाच ठिकाणी आधारच दिलेला नव्हता. तीन लेख एकमेकांकडे बोट दाखवत होते. नववा लेख एका चित्राचा हवाला देत होता. म्हणजे नऊ साक्षीदार नव्हते. एकच ऐकीव गोष्ट नऊ तोंडांनी बोलत होती. त्यातही तपशील जुळत नव्हते. कुठे लढाईत चुकून गोळा लागला होता, कुठे सैनिक नेमबाजीचा सराव करत होते, तर एका ठिकाणी नेपोलियन गायब होऊन मामलुक, म्हणजे इजिप्तवर राज्य करणाऱ्या लष्करी वर्गाचे, सैनिक आले होते. गुन्हा तोच, आरोपी बदलतो. ऐकीव गोष्ट ओळखण्याची ही चांगली खूण आहे, पण ती खूणच. तेवढ्यावरून विधान खोटे ठरत नाही.

नवव्या लेखातले चित्र म्हणजे फ्रेंच चित्रकार जाँ-लेओं जेरोम यांचे : घोड्यावरचा एकटा नेपोलियन बोनापार्ट आणि समोर बिननाकाचा स्फिंक्स. पुस्तिकेच्या चित्रकाराला ते चौकटीशेजारी छापायचे होते. ते १८८६ चे आहे, नेपोलियनची इजिप्तवरची मोहीम १७९८ ची आणि जेरोम यांचा जन्म १८२४ चा. चित्रात तोफ नाही, गोळा नाही, कुणी काही फोडतही नाही. तरीही ते त्या वाक्याशेजारी लागले असते, तर वाचकाने ते पुरावा म्हणूनच पाहिले असते.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय वाक्य काढून टाकण्याचा. यात वेळ वाचतो, चूक होत नाही. पण मुलांनी ही गोष्ट आधीच ऐकलेली असते आणि पुस्तिका गप्प बसली तर ती तशीच राहते.

दुसरा पर्याय वाक्याला 'असे म्हणतात' ही शेपटी जोडण्याचा. लेखिकेला हा पसंत होता. संपादकांनी नाकारला, आणि ते बरोबर होते. 'असे म्हणतात' या दोन शब्दांनी जबाबदारी लिहिणाऱ्यावरून उतरते, पण वाचकाच्या डोक्यात तोफच राहते. 'कोण म्हणतात, कधीपासून म्हणतात' हे सांगता येत असेल तरच त्या शब्दांना अर्थ आहे.

तिसरा, खरे काय ते शोधून काढण्याचा. तो निवडला गेला, पण आधी काय शोधायचे ते ठरवावे लागले, आणि या प्रकरणातला सगळ्यात उपयोगी निर्णय इथे झाला. संपादकांनी वाक्य फोडून त्यातली विधाने वेगळी केली. नाक कुणीतरी तोडले. ते तोफेने तुटले. तोफ नेपोलियनच्या सैन्याची होती. आणि चौथे, वाक्यात न लिहिलेले पण त्याच्या पोटात असलेले विधान : १७९८ पर्यंत नाक जागेवर होते. पहिली तीन तपासायची तर मोहिमेची कागदपत्रे उपसायला हवीत. चौथे तपासायला १७९८ पूर्वीचे एक विश्वासार्ह चित्र किंवा वर्णन पुरते.

सहायकाचा कल आधी मोहिमेच्या कागदपत्रांकडे होता. त्याचा तर्क असा : नेपोलियनबरोबर दीडशेहून अधिक विद्वान, चित्रकार, अभियंते गेले होते, त्यांनी इजिप्तची मोजमापे घेतली, पुढे १८०९ पासून त्यांचे काम मोठ्या खंडांत छापले गेले. शिवाय ब्रिटिश नौसेनानी नेल्सनच्या आरमाराने फ्रेंच सैन्याची पत्रे पकडली आणि ती लंडनमध्ये छापली गेली. असे काही घडले असते तर शत्रूने ते लपवले असते का? तर्क चुकीचा नाही. जिथे नोंद व्हायलाच हवी होती तिथे ती नसणे, याला वजन असते. पण मौनावरून निष्कर्ष काढायचा तर सगळे कागद खरोखर पाहावे लागतात, आणि ते काम काही आठवड्यांचे होते. ते मागे ठेवले गेले.

पहिली फेरी : तारीख सापडली

फ्रेडरिक लुडविग नॉर्डन हे डॅनिश आरमारातले अधिकारी. राजा सहावा क्रिस्टियान याच्या सांगण्यावरून ते १७३७-३८ मध्ये इजिप्तमध्ये फिरले. त्यांनी स्फिंक्सची रेखाटने १७३७ मध्ये केली. ते १७४२ मध्ये वारले आणि त्यांचा ग्रंथ १७५५ मध्ये कोपनहेगनला निघाला. त्यातल्या चित्रांत स्फिंक्सला नाक नाही, आणि ते काळजीपूर्वक दाखवले आहे.

इथे एक रास्त शंका निघाली. छापील चित्रे कोरणाऱ्याच्या हातून जातात. नॉर्डन यांच्या मृत्यूनंतर छापताना काही बदलले नसेल कशावरून? या शंकेचे उत्तर देत बसण्याची गरजच पडली नाही. १७३७ हे साल मान्य केले नाही, तरी १७५५ हे छपाईचे साल उरते. नेपोलियनचा जन्म १७६९ चा. पुराव्याचे सगळ्यात कमकुवत रूप घेतले तरी निकाल तोच लागतो. असा पुरावा हाती आला की त्या प्रश्नापुरते थांबावे. मोहिमेची कागदपत्रे त्यानंतर कुणी उघडली नाहीत.

चौथा दिवस होता. पहिले वाक्य गेले.

दुसरी फेरी : नवे वाक्य, जुनी चूक

चौकट रिकामी ठेवायची नव्हती. 'नेपोलियनने नाही, मग कुणी?' याचे उत्तर सहायकाला तासाभरात मिळाले, कारण नेपोलियनची कथा खोडणारा जवळपास प्रत्येक लेख ते देतो. नवे वाक्य असे झाले : 'स्फिंक्सचे नाक १३७८ मध्ये साइम अल-दहर नावाच्या सूफीने तोडले आणि त्याबद्दल त्याला फाशी झाली. इतिहासकार मकरीझीने हे लिहून ठेवले आहे.' नाव आहे, साल आहे, इतिहासकार आहे. पानाची मांडणी पूर्ण झाली.

नेपोलियनच्या वाक्याला लावलेली कसोटी या वाक्याला कुणीच लावली नाही. ती न लावण्याचे कारण समजण्यासारखे आहे. आपण नुकतीच एक चूक पकडलेली असते, आणि ती पकडून देणाऱ्या लेखावर विश्वास बसलेला असतो. खोडणारा लेखही दुय्यम साधनच असतो, हे त्या भरात विसरले जाते.

सहाव्या दिवशी पाने अरबी जाणणाऱ्या अभ्यासकांकडे गेली, तीही दुसऱ्याच कामासाठी. त्यांना नावांचे उच्चार तपासायचे होते. त्यांनी मकरीझीचा मूळ उतारा काढून समोर ठेवला. उतारा मोजून चार-पाच ओळींचा आहे. त्याचा आशय असा : आमच्या काळात शेख मुहम्मद नावाचा, साइम अल-दहर म्हणून ओळखला जाणारा, सलाहिया खानकाहमधला (सूफींच्या मठातला) एक सूफी होता. साधारण ७८० साली धर्मबाह्य गोष्टी दूर करण्यासाठी तो उठला, पिरॅमिडांकडे गेला आणि त्याने अबू अल-हौलचा (स्फिंक्सचे अरबी नाव) चेहरा विद्रूप केला. तो आजवर तसाच आहे. तेव्हापासून गिझाच्या बऱ्याच जमिनींवर वाळू चढली, आणि त्या भागातले लोक याचे कारण तो बिघडलेला चेहरा समजतात.

हा उतारा आणि पानावरचे वाक्य शेजारी ठेवल्यावर चार गोष्टी दिसल्या.

मकरीझी 'नाक' म्हणत नाही. त्याचे शब्द 'शव्वह वज्ह', म्हणजे चेहरा विद्रूप केला. नाक हा नंतरच्या वाचकांचा अर्थ आहे. तो बरोबर असू शकतो, पण तो अर्थ आहे, उतारा नव्हे.

तो नेमके साल देत नाही. 'नह्व मिन' असे म्हणतो, म्हणजे 'च्या सुमारास'. आणि ते ७८० हिजरी, म्हणजे इस्लामी कालगणनेतले आहे. हिजरी ७८० चा मोठा भाग १३७८ मध्ये येतो, शेवटचे काही महिने १३७९ मध्ये. 'सुमारास' गळाले, सालाचे रूपांतर झाले आणि १३७८ हा आकडा दगडावर कोरल्यासारखा उभा राहिला.

या उताऱ्यात फाशी नाही. ती गोष्ट दुसरीकडून येऊन मकरीझीच्या नावावर चिकटली आहे.

चौथा मुद्दा मकरीझीच्या बाजूचा. त्याचा जन्म १३६४ चा, मृत्यू १४४२ चा. त्या घटनेच्या वेळी तो चौदा-पंधरा वर्षांचा होता आणि 'आमच्या काळात' असे लिहिण्याचा त्याला हक्क आहे. तो शतकानुशतके नंतरचा सांगणारा नाही. पण त्याने ते स्वतः पाहिले, असेही तो म्हणत नाही.

'ध'चा 'मा' व्हायला प्रत्येक वेळी कुणाचे कारस्थान लागतेच असे नाही. इथे प्रत्येक सांगणाऱ्याने वाक्य थोडे सुटसुटीत केले, एवढेच.

तिसरी फेरी : साधने एकमेकांशी भांडतात

आता प्रश्न बदलला होता. मकरीझीचे म्हणणे सावधपणे मांडून चौकट पूर्ण करायची, की आणखी एक पायरी खाली जायचे? अभ्यासकांनी दोन गोष्टी पुढे केल्या आणि काम अवघड झाले.

पहिली गोष्ट अब्द अल-लतीफ अल-बगदादी यांची. हे वैद्यक जाणणारे विद्वान इ.स. १२०० च्या सुमारास इजिप्तमध्ये होते. तिथे सगळ्यात विलक्षण काय पाहिले असे कुणी विचारल्यावर आपण 'अबू अल-हौलच्या चेहऱ्याचे प्रमाण' असे सांगितले, असे ते लिहितात. आणि प्रमाण समजावताना नाक, डोळा आणि कान यांची नावे घेतात. नाक जागेवर नसते तर त्यांनी त्याचे नाव का घेतले असते? हा उतारा मकरीझीच्या कथेला पूरक आहे : १२०० ला नाक आहे, १३७८ च्या आसपास चेहरा बिघडतो.

दुसरी गोष्ट दगडाची. पुरातत्त्वज्ञ मार्क लेनर यांनी स्फिंक्सचा तपशीलवार अभ्यास केला. नाकाच्या जागी लांब छिन्न्या किंवा पहारी ठोकल्याच्या खुणा त्यांनी नोंदवल्या : एक नाकाच्या दांड्यावरून खाली गेलेली, दुसरी नाकपुडीखाली. त्या रुतवून नाक दक्षिणेकडे उचकटले गेले, असे त्यांचे वाचन आहे. स्फिंक्सचे तोंड पूर्वेला, म्हणजे नाक त्याच्या उजव्या अंगाला पडले. सुमारे एक मीटर रुंदीचा दगड असा पाडायचा तर वर चढावे लागते, अवजारे लागतात, वेळ लागतो. ही एका गोळ्याची करामत नव्हे, जाणूनबुजून केलेले काम आहे. मात्र लेनर यांनी त्यासाठी सुचवलेला काळ तिसरे ते दहावे शतक असा आहे.

हे अल-बगदादींशी जुळत नाही. मकरीझीशीही जुळत नाही.

लेखिकेचे म्हणणे, दगड खोटे बोलत नाही, तेव्हा लेनर धरावेत. हा युक्तिवाद ऐकायला छान वाटतो, पण त्यात दोन गोष्टींची गल्लत आहे. छिन्नीची खूण 'कशी' याचे उत्तर भक्कम देते. 'कधी' याचे उत्तर खुणेतून थेट मिळत नाही, ते आजूबाजूच्या गोष्टींवरून काढावे लागते. एकाच अभ्यासातली दोन विधाने वेगवेगळ्या ताकदीची असू शकतात. दुसऱ्या बाजूने, अल-बगदादींचा उतारा वाटतो तितका घट्ट नाही. ते चेहऱ्याच्या सुडौलपणाबद्दल बोलत आहेत, नुकसानीची नोंद करत नाहीत. आणि मकरीझी ज्या विद्रूपीकरणाबद्दल बोलतो, ते आधीच नाक गेलेल्या चेहऱ्याचेही असू शकते.

अखेर कोण बरोबर हे ठरवायचे नाही, प्रत्येक साधन किती वजन पेलते तेवढेच ठरवायचे, असा निर्णय झाला. १७५५ पूर्वी नाक गेले होते : पक्के. अवजारांनी, मुद्दाम तोडले : बरेच भक्कम. चौदाव्या शतकाच्या शेवटी एका सूफीने चेहऱ्याची मोडतोड केली असे जवळच्या काळातला इतिहासकार सांगतो : सांगण्याजोगे, त्याचे नाव घेऊन. नेमके साल : सोडून दिले.

ऐनवेळी आलेला आक्षेप

आठव्या दिवशी चित्रकाराने एक चित्र आणून टेबलावर ठेवले. इंग्रज प्रवासी रिचर्ड पोकॉक यांच्या १७४३ च्या ग्रंथातला स्फिंक्स, आणि त्याला नाक होते. 'तुम्ही म्हणता १७३७ ला नाक नव्हते. मग हे?'

आक्षेप मोलाचा होता, कारण पोकॉक खरोखर इजिप्तला गेले होते, तेही १७३७-३८ मध्येच, म्हणजे नॉर्डन होते तेव्हाच. एकाच काळातले दोन प्रवासी आणि दोन वेगळे चेहरे.

उत्तर चित्रातच सापडले. पोकॉक यांचे चित्र कोर्नेलिस दे ब्रुइन या डच प्रवाशाच्या १६९८ च्या चित्राशेजारी ठेवले, तर ते किरकोळ बदल करून त्यावरूनच घेतल्याचे दिसते. पोकॉक जागेवर जाऊन आले होते, पण हे चित्र जागेवर पाहून काढलेले नव्हते. त्या काळी यात कुणाला वावगे वाटत नसे. जर्मन विद्वान आतानासिउस किर्चर यांनी तर इजिप्तला पाऊल न लावता १६७९ मध्ये रोमन पुतळ्यासारखा स्फिंक्स छापला.

तेव्हा सहायकाच्या तक्त्यात दोन रकाने वाढले. आधी 'कधी छापले' एवढाच होता. आता 'कधी पाहिले', 'कशावरून काढले' आणि 'कधी छापले' असे तीन झाले. हा तक्ता पहिल्या दिवशी असता तर १७४३ ने कुणाची झोप उडवली नसती.

निकाल

छापलेली चौकट अशी होती :

'स्फिंक्सचे नाक कुठे गेले? नेपोलियनच्या तोफेने उडाले, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. पण नेपोलियन जन्मायच्या १४ वर्षे आधी छापलेल्या एका पुस्तकात बिननाकाचा स्फिंक्स आहे! दगडावर छिन्नीसारख्या अवजारांच्या खुणा आहेत, म्हणजे नाक कुणीतरी मुद्दाम तोडले. साधारण सहाशे वर्षांपूर्वी एका सूफीने स्फिंक्सचा चेहरा बिघडवला, असे इतिहासकार मकरीझी लिहितो. खुणा तपासणाऱ्या एका पुरातत्त्वज्ञाला मात्र ही तोडफोड त्याहून बरीच जुनी वाटते.'

एका वाक्याची सहा झाली, म्हणून मुख्य मजकुरातून दोन ओळी कापाव्या लागल्या. जेरोम यांचे चित्र गेले आणि त्या जागी नॉर्डन यांचे आले. चित्राखाली फक्त 'नॉर्डन, १७५५' न लिहिता 'रेखाटन १७३७, छपाई १७५५' असे लिहिले. पाने एक दिवस उशिरा गेली.

वेगळे काय करता आले असते

उशीर झाला तो पहिल्या वाक्यामुळे नव्हे. ते चार दिवसांत निकालात निघाले होते. वेळ गेला दुसऱ्या वाक्यात, कारण ते न तपासता मांडणीला गेले आणि पान पुन्हा बांधावे लागले. खोडलेल्या दाव्याच्या जागी येणारा दावा नवा मजकूर समजून पहिल्या पायरीपासून तपासला असता, तर हे टळले असते.

अरबी जाणणारा माणूस उच्चारांसाठी बोलावला गेला, हा योगायोग होता. एखादे विधान परक्या भाषेतल्या एकाच उताऱ्यावर टेकलेले दिसले की तो उतारा वाचू शकणारा माणूस तेव्हाच शोधावा. अख्खा ग्रंथ नको, चार ओळी पुरतात. अशा माणसाला विचारायचे प्रश्नही ठरलेले असावेत : नेमका शब्द कोणता, साल कोणत्या गणनेतले, 'सुमारास' असे काही आहे का, आणि आम्ही जोडलेले काही तिथे मुळातच नाही ना.

चित्रकाराचा आक्षेप आठव्या दिवशी आला, कारण त्याला कुणी विचारलेच नव्हते. जुनी चित्रे सगळ्यांत जास्त त्यानेच पाहिली होती. पडताळणीच्या पहिल्या बैठकीत तो नव्हता.

एक गोष्ट आजही वादाची राहिली. लेखिकेच्या मते शेवटचे वाक्य मुलांना गोंधळात टाकते आणि ते मकरीझीपाशीच थांबवायला हवे होते. संपादकांच्या मते ते वाक्य कापले असते, तर १३७८ वाली गोष्ट नेपोलियनच्या जागी जाऊन बसली असती. पुस्तिका निघाल्यावर आलेल्या पत्रांपैकी एकात १७४३ च्या चित्राची प्रत जोडलेली होती आणि खाली प्रश्न होता, 'याला तर नाक आहे?' सहायकाने तक्त्यातली ती ओळ उतरवून उत्तर पाठवले, सोबत १६९८ च्या चित्राची प्रत.